रस्त्यावरच्या रेषा कोणासाठी?

पावसाळा सरला आणि रस्त्यांवरचे खड्डे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून खाली उतरले, की मुंबईच्या वाहतुकीविषयीची चर्चाही थंडावते. खड्ड्यांखेरीज आणखीही काही पावसाने नेलेले असते. त्याची मात्र फारशी वाच्यता होत नाही. सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही उपनगरी स्थानकाबाहेर उभे राहावे. लोकलमधून उतरलेला जथा रस्त्याच्या कडेला येऊन थबकतो. समोर कधीकाळी पांढरे पट्टे होते, याची खूण म्हणून दोन-चार करडे ओरखडे तेवढे उरलेले असतात. कोठून ओलांडावे हे सांगणारे काहीच नसल्यामुळे माणसे जमेल तेथून, हात पुढे करून, मोटारींच्या मधून वाट काढतात. पलीकडे पोचलेल्या माणसाला आपण आपला हक्क बजावला असे वाटत नाही. आजच्यापुरते वाचलो, एवढेच वाटते.

झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे हा काय पक्षाच्या साप्ताहिकाने अग्रलेख लिहिण्याचा विषय आहे, असे आमचे काही साथी विचारतील. बेकारी आहे, महागाई आहे, कामगारांच्या संघटनस्वातंत्र्यावर गदा आली आहे; हे सारे सोडून रंगाच्या डब्याकडे कोठे वळलात? या साथींना आम्ही आपल्याच परंपरेची आठवण करून देतो. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय घेतला. त्या दोन इंचांत किती समाजवाद होता, हे लाकडी फळीवर रात्र काढलेल्या प्रवाशाला विचारावे. मृणालताई गोरे यांच्या राजकारणाची मुळे गोरेगावच्या नळांत होती आणि 'पाणीवाली बाई' ही पदवी त्यांना जनतेनेच दिली होती. लहान वाटणाऱ्या सोयीमागे सत्तेची कोणती रचना दडलेली असते, हे उकलून दाखविणे हे आपले जुने काम आहे. पट्ट्यांचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

रस्ता ही शहरातील सर्वांत मोठी सार्वजनिक मालमत्ता. तिची वाटणी रंगाने आणि पाट्यांनी होते. येथे मोटारी उभ्या कराव्यात, येथून हातगाडी नेऊ नये, येथे थांबावे, येथून माणसांनी ओलांडावे, असे सांगणारी प्रत्येक रेषा कोणाला तरी जागा देते आणि कोणाची तरी जागा काढून घेते. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास २००८ साली पुरा झाला, त्यात निम्म्याहून अधिक फेऱ्या निव्वळ पायी होतात असे आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभरांपैकी पाच कुटुंबांकडेही मोटार नव्हती. नेमका आकडा ४.७ टक्क्यांचा होता. तेव्हापासून मोटारी वाढल्या हे खरे. पण मोटारवाला अजूनही अल्पसंख्यच आहे. अशा देशात रस्त्यावरच्या रेषा बहुसंख्यांच्या सोयीने आखल्या जाव्यात, ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. प्रत्यक्षात काय घडते, ते केंद्र सरकारच्याच अहवालात नोंदलेले आहे. २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. एखाद्या कारखान्यात रोज नव्वद कामगार मरू लागले असते, तर त्यास अपघात म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते.

आता कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'वाहतूक चिन्हे' या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तीत पाट्या, दिवे आणि रस्त्यावरील रेषा हे सारे येते. परंतु ही चिन्हे कशासाठी? मोटार वाहनांच्या चालकांना माहिती देण्यासाठी व मार्गदर्शन करण्यासाठी, असे व्याख्येतच म्हटले आहे. ज्याच्या जिवासाठी पट्टे आखायचे, तो पायी चालणारा माणूस व्याख्येच्या दारातच बाहेर राहिला. पुढे ११६ व्या कलमात राज्य शासनाला, किंवा शासनाने नेमलेल्या यंत्रणेला, अशी चिन्हे उभारण्याचा अधिकार दिला आहे. अधिकार दिला आहे; कर्तव्य लादलेले नाही. शासनाने चिन्हे उभारली तर उभारली. तीनच कलमे पुढे गेले की भाषा पालटते. ११९ व्या कलमाप्रमाणे चालकाने आदेशात्मक चिन्हाचे पालन केलेच पाहिजे. शासनाला 'करता येईल' आणि नागरिकाला 'केलेच पाहिजे', ही आपल्या कायदेकारांची जुनी खोड येथेही सुटलेली नाही.

याचा अर्थ रेषा कशा असाव्यात हे आपल्याकडे कोणास ठाऊक नाही, असा मात्र नव्हे. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यावरील रेषांची संहिता १९७० मध्येच तयार केली आणि पुढे ती अनेकदा सुधारली. पट्टा अर्धा मीटर रुंद असावा, दोन पट्ट्यांत तेवढेच अंतर सोडावे, थांबरेषा पट्ट्यांच्या अलीकडे असावी, हे सारे तीत इंचाइंचाने लिहिलेले आहे. चिन्हांची ही भाषा स्वभावतः लोकशाहीवादी आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्रिकोण म्हणजे इशारा, वर्तुळ म्हणजे आज्ञा, चौकोन म्हणजे माहिती. अक्षरओळख नसलेला, कालच गाव सोडून आलेला माणूसही ती वाचू शकतो. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराने तिला जगभर मान्यता दिली, त्यात भारत १९८० साली सामील झाला. भाषा आहे, व्याकरण आहे; ती लिहिण्याची आणि लिहिलेली राखण्याची सक्ती तेवढी कोणावर नाही.

मुंबईसारख्या शहरात तर जबाबदारीचे इतके तुकडे झाले आहेत की जाब नेमका कोणाला विचारावा, हेच कळू नये. कोठे वाहन थांबवू द्यायचे आणि कोणता रस्ता एकेरी करायचा, हे वाहतूक पोलिसांनी अधिसूचना काढून ठरवायचे. रंग आणि खांब महापालिकेचे. काही रस्ते बांधकाम विभागाचे, काही प्राधिकरणाचे. केबल टाकण्यासाठी रस्ता उकरणारा कंत्राटदार आणखी निराळाच. चर बुजवून तो जातो, त्यावरून गेलेले पट्टे मात्र परत येत नाहीत. तक्रार घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठविण्यात प्रत्येक खाते तरबेज आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आले. रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाचे आम्ही स्वागतच करतो. पण माणूस मेल्यावर जागे होणारे, आणि तेही लाखाच्या आत समाधान मानणारे, असे हे उत्तरदायित्व आहे. पट्टे पुसट झाले याबद्दल अधिकाऱ्याला आधी जाब विचारावा, अशी तरतूद त्यात नाही.

आपल्याकडील वाहतूक कायद्याची घडण बरीचशी ब्रिटिशांच्या वळणाची आहे, म्हणून त्यांच्याकडील एक तरतूद येथे सांगण्याजोगी वाटते. १९८४ च्या तेथील रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या ८५ व्या कलमान्वये वेगमर्यादेच्या पाट्या लावणे हे संबंधित यंत्रणेचे कर्तव्य आहे, आणि जेथे अशी पाटी आवश्यक असूनही लावलेली नाही तेथे मर्यादा ओलांडल्याबद्दल चालकाला दोषी धरता येत नाही. शासनाने आधी आपले काम करावे, मग नागरिकाकडे बोट दाखवावे, एवढाच या तरतुदीचा आशय. (तेथे १९६५ ते १९६८ या काळात मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री होत्या. त्यांना मोटार चालवता येत नसे आणि मोटारवाल्यांचा त्यांच्यावर मोठा राग होता. पण मद्यपी चालकांची श्वासचाचणी आणि वेगमर्यादा या दोन्ही गोष्टी त्यांनी रेटून नेल्या. आपल्याकडे वाहतूक खाते चालविण्यास मोटारींची आवड हीच पात्रता समजली जाते की काय, अशी शंका अनेकदा येते.) आमच्या रिक्षावाल्याला मात्र न दिसणारी थांबरेषा ओलांडल्याबद्दल दंड होतो. कॅमेऱ्याला रेषा दिसली की नाही, हे विचारण्यासाठी त्याला दिवसाच्या धंद्यावर पाणी सोडावे लागते. तो निमूटपणे पैसे भरतो.

महापालिकेला रंगाचे वावडे आहे, असे मात्र कोणी समजू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. अरुंद पूल ही रेल्वेची अनेक वर्षांची हयगय होती. परंतु शिक्षा झाली ती फेरीवाल्यांना. स्थानकापासून १५० मीटरच्या आत धंदा करण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली आणि ती हद्द दाखविणाऱ्या रेषा स्थानकांबाहेर झटपट आखल्या गेल्या. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार आधी सर्वेक्षण व्हावे, नगर पथविक्रेता समित्या बसाव्यात आणि त्यांनी जागा ठरवाव्यात, हे सारे रखडत राहिले. गरिबाला हटविणारी रेषा चार दिवसांत आखता येते आणि त्याच गरिबाला रस्ता ओलांडू देणारे पट्टे चार वर्षे आखता येत नाहीत, याचे कारण रंगाच्या तुटवड्यात शोधू नये. याच शहराच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातील ३१४ वे कलम रस्त्यावरील 'अडथळे' विनासूचना हटविण्याची मुभा देते; पदपथावरील रहिवाशांच्या १९८५ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले, मात्र सर्वसाधारणपणे सूचना दिली पाहिजे, असे बजावले. पदपथावर उभी केलेली मोटारही अडथळाच असते, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात कलम वाचताना क्वचितच येते.

किनारी रस्त्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून समुद्रात भर टाकून बांधलेला हा रस्ता २०२४ च्या मार्चमध्ये अंशतः खुला झाला, तेव्हा वाहतूक पोलिसांनी काढलेल्या मनाईच्या यादीत दुचाकी, सायकली, तीनचाकी, हातगाड्या आणि पायी चालणारे हे सारे होते. वेगवान रस्त्यावर सायकलवाल्याने जाऊ नये, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच, असे कोणी म्हणेल. ते आम्हालाही मान्य आहे. प्रश्न त्या पाटीपूर्वीचा आहे. ज्या रस्त्यावर शहरातील बहुसंख्य लोक पाऊल वा चाक ठेवू शकणार नाहीत, तो सर्वांच्या पैशाने बांधायचा हे कोणी ठरविले? लाल वर्तुळातील ती चित्रे म्हणजे अर्थसंकल्पाची चित्रलिपी आहे.

प्रतिष्ठितांच्या आगमनाने शहर कसे रंगते, हे डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीच्या वेळी मुंबईकरांनी पाहिले. भिंती, दुभाजक, पदपथाच्या कडा ताज्या रंगाने उजळल्या आणि पाहुण्यांच्या वाटेवरील झोपड्या कापडाआड झाकल्या गेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली होती आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. आपल्या वस्तीतील पट्टे का आखले नाहीत, हे सभागृहात विचारायला नगरसेवकच नव्हता. लोकशाही पुसली जाण्याची सुरुवात अशा जागी होते.

येथे आपल्या स्वतःविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत. वाहतुकीचे चिन्ह झाकणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार त्याच ११६ व्या कलमाने यंत्रणेला दिला आहे. तो वापरायचा झाला, तर सर्वांत आधी राजकीय पक्षांचे फलक उतरवावे लागतील. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नियुक्तीबद्दल अभिनंदन यांच्याआड 'पुढे शाळा आहे' ही पाटी दिसेनाशी होते. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी जो महाकाय फलक कोसळला, त्याची लांबी-रुंदी १२० फूट बाय १२० फूट होती. परवानगीयोग्य मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसे त्यात मेली. एवढा फलक प्रशासनाच्या डोळ्यांत खुपला नाही, तेथे दोन फुटांच्या पाटीची काय कथा! पण फलकबाजीच्या या रोगापासून आपला पक्ष सर्वस्वी मुक्त आहे, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मोर्चाचा कापडी फलक सिग्नलच्या खांबाला बांधणारा कार्यकर्ता आपला असेल, तर तो आधी आपणच सोडवला पाहिजे.

पट्टे आखून भागत नाही. ते ओलांडायला सेकंदही द्यावे लागतात. अभियंते हिशेबासाठी माणसाचा चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने पंधरा सेकंदांत ओलांडता येईल. परंतु गुडघे धरलेली म्हातारी, कडेवर मूल आणि हाती पिशवी असलेली मोलकरीण, डोक्यावर ओझे घेतलेला हमाल यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर त्यांना साडेबावीस सेकंद लागतात. मधले साडेसात सेकंद द्यायचे कोणी? ते मोटारींच्या हिरव्या दिव्यातून काढावे लागतात. २०२० साली दादर परिसरातील सिग्नलवर पुरुषाच्या जोडीला स्त्रीची आकृती आली, तेव्हा त्याचे बरेच कौतुक झाले. कौतुकात आम्हीही सामील आहोत. मात्र त्या आकृतीबरोबर खऱ्या स्त्रीच्या चालीचे सेकंदही वाढवावे, असे कोणी सुचविल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

हे पट्टे आखतो कोण, याकडेही पाहू. रात्री अकरानंतर, रहदारी ओसरली की, कंत्राटदाराचा टेंपो येतो. त्यावरील भट्टीत रंगाची भुकटी सुमारे दोनशे अंशांवर वितळवली जाते. तो उकळता रस हातगाडीसारख्या यंत्रातून रस्त्यावर ओतत नेतात आणि वरून काचेचे बारीक मणी पेरतात. मोटारीच्या दिव्यात रेषा चकाकते ती या मण्यांमुळे. मणी कमी टाकले, थर पातळ दिला, की रेषा दिवसा छान दिसते आणि पावसाळी रात्री, म्हणजे जेव्हा तिची खरी गरज असते तेव्हाच, नाहीशी होते. नफा या थरातून आणि मण्यांतूनच खरवडला जातो. या भट्टीशी उभे राहणारे मजूर अनेकदा नाक्यावरून उचललेले असतात. हातमोजे नाहीत, पायात रबरी चपला, आणि मागून येणाऱ्या ट्रकपासून रक्षण करायला दोन प्लास्टिकचे सुळके. दुसऱ्यांच्या जिवाची हमी देणारी रेषा ज्यांच्याकडून आखून घेतली जाते, त्यांच्या जिवाची हमी कोणत्याही निविदेत शोधून सापडत नाही. बारमाही चालणारे, शहराला कायम लागणारे हे काम आहे. ते कंत्राटदाराकडून काढून घेऊन महापालिकेच्या कायम कामगारांकडे सोपवावे, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावयास हवी.

पुसट पट्ट्यांची झळ मृत्यूनंतरही सोसावी लागते. घरातील कमावता माणूस मोटारीखाली गेला, म्हणजे त्याची विधवा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाते. विमा कंपनीचा वकील विचारतो, मृत इसम क्रॉसिंगवरून चालला होता काय? तो कोठून तरी मध्येच रस्त्यात घुसला, म्हणजे त्याचीही चूक होती, तेव्हा भरपाईतून तेवढा हिस्सा वजा करावा. हा बचाव प्रत्येक वेळी टिकतोच असे नव्हे. पण टिकतो तेव्हा काय होते? महापालिकेने न आखलेल्या पट्ट्यांची किंमत त्या घराच्या चुलीतून वसूल होते. जवळपास ओलांडण्याची जागाच नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार त्या बाईवर येतो. अपघाताच्या दिवशी तेथे पट्टे होते की नव्हते, याची नोंद शहरात कोठेही सार्वजनिकपणे ठेवली जात नाही.

म्हणून आमची पहिली मागणी या नोंदीची आहे. प्रत्येक प्रभागातील प्रत्येक चिन्ह, प्रत्येक सिग्नल आणि प्रत्येक ओलांडणी यांची नोंदवही असावी. तीत रेषा केव्हा आखली, कोणी आखली, तिची हमी केव्हापर्यंत, शेवटची तपासणी कोणत्या दिवशी, हे लिहिलेले असावे. आणि ती प्रभाग कार्यालयात कोणालाही पाहता यावी. ज्या नोंदीनुसार रेषा अस्तित्वात नाही वा झिजलेली आहे, तिच्या आधारे दंड आकारू नये, आणि पादचाऱ्याच्या भरपाईतून कपातही करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात निर्वेध पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि राज्यांना त्याविषयी धोरण आखण्यास सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने पादचाऱ्यांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळालेला आहे. महाराष्ट्राने या नियमांत 'करता येईल' ही शब्दयोजना टाळावी आणि 'केलेच पाहिजे' असे यंत्रणेस उद्देशून लिहावे. पुणे महापालिकेने २०१६ सालीच पादचारी धोरण स्वीकारले आहे. पुण्यात रस्ता ओलांडून पाहिलेल्या कोणालाही कळेल की धोरण आणि पट्टे यांत अंतर राहतेच. तरीही लिखित धोरण हाती असले, की भांडायला आधार मिळतो.

शासन नोंदवही ठेवीपर्यंत ती आपण ठेवू शकतो. शाखेच्या चार कार्यकर्त्यांनी एका रविवारी सकाळी आपला प्रभाग पायी फिरावा. शाळा, दवाखाना, स्थानक, बाजार आणि बसथांबा यांच्यासमोरील प्रत्येक ओलांडणी पाहावी. पट्टे दिसतात काय, पाटी फलकाआड गेली आहे काय, हिरवा दिवा किती सेकंद असतो, एखाद्या वृद्धास तेवढ्यात पलीकडे जाता येते काय, हे वहीत उतरवावे आणि तारीख घालावी. त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून रंगकामाचे कंत्राट, थराची जाडी आणि हमीची मुदत मागवावी. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो. त्यापूर्वी, डिसेंबरअखेर, या वह्या आमच्या कार्यालयात पोचल्या, तर प्रभागवार यादी आम्ही याच पानावर छापू.